काठीच्या डोंगरातले बियाणे आणि तापीकाठची कपाशी

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांत वसलेले काठी हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः तेथील राजवाडी होळीमुळे माहीत आहे. ब्रिटिश अमदानीत खानदेशच्या पश्चिम टोकाला भिल्ल सरदारांची जी छोटी छोटी ठाणी ‘मेवासी’ म्हणून ओळखली जात, त्यांतील एका संस्थानाचे हे मूळ गाव असून, खानदेशचा कलेक्टरच या संस्थानांचा पोलिटिकल एजंट म्हणून काम पाहत असे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मात्र या सर्व फेरफारांत एक भेद कायम राहिला, तो म्हणजे डोंगरातली शेती आणि तापीच्या खोऱ्यातली शेती यांचा. जनुकीय परिवर्तित पिके, म्हणजे ज्यांच्या पेशींत दुसऱ्या एखाद्या जीवाचे जनुक प्रयोगशाळेत बसवलेले असते अशी पिके, यांविषयी महाराष्ट्रात गेली पंचवीस वर्षे जो वाद चालू आहे, त्याचा इतिहास या भेदावाचून नीट कळत नाही. कारण खानदेशात बियाण्याबाबतचा लोकांचा कौल विज्ञानाविषयीच्या भीतीपेक्षा किंवा श्रद्धेपेक्षा, बियाणे कोणाच्या हाती राहते या प्रश्नावरच अधिक अवलंबून राहिलेला आहे.

काठी, मोलगी, धडगाव या पट्ट्यातील शेती उताराची, पावसावरची आणि मिश्र पिकांची. एकाच तुकड्यात मका किंवा ज्वारी, तिच्या ओळींत तूर, उडीद, चवळी, वेलवर्गीय भाज्या आणि वरच्या निकस जमिनीत भगर, बर्टी, राळा अशी भरड धान्ये घेण्याची रीत येथे जुनी आहे. मोलगीची भगर तर खानदेशभर उपवासाच्या दिवशी शिजते. या शेतीत बियाणे बाजारातून आणण्याची वस्तू नव्हतीच. मक्याची कणसे काढताना भरघोस दाण्याची, टोकापर्यंत भरलेली कणसे बाजूला निवडली जातात, त्यांची पाने मागे सोलून, एकमेकांना बांधून ती चुलीच्या वरच्या आढ्याला टांगली जातात आणि वर्षभराच्या धुराने त्यांच्यावर काजळीचा थर चढतो, ज्यामुळे टोके आणि सोंडे त्यांच्याजवळ फिरकत नाहीत. कडधान्याचे बी राखेत घोळून वाळलेल्या दुधीत किंवा शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत ठेवले जाते. ही निवड आणि राखण बहुतेक करून बायकांच्या हातची असते; कोणत्या कणसाचा दाणा कोणत्या उतारावर टिकतो, कोणता पाऊस लांबला तरी तग धरतो, कोणत्या मक्याची भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, याचे ज्ञान त्यांच्याकडून लेकीसुनांकडे जाते. एखाद्याचे बी गेले तर शेजाऱ्याकडून किंवा सोयऱ्याकडून आणायचे आणि पीक आले की परत करायचे, हा व्यवहार या व्यवस्थेचाच भाग होता.

धान्याशी असलेले हे नाते धर्मभावनेतही उतरलेले आहे. सातपुड्यातील आदिवासींची कुलदैवत याहामोगी हिचे स्थान अक्कलकुवा तालुक्यातील डाब येथे मानले जाते आणि सीमेपलीकडे गुजरातमधील देवमोगरा येथे महाशिवरात्रीला तिची मोठी यात्रा भरते. दुष्काळात लोकांना अन्न देणारी आई अशी तिची ओळख असून भाविक टोपलीत नवे धान्य घेऊन तिच्या दर्शनाला जातात. पावसाळ्यात रानभाज्या आणि कोवळा पाला प्रथम देवाला दाखवून मग खायचा, ही निलचारीची रीतही याच भावनेतून आली आहे. बियाण्याविषयीचे पुढचे वाद समजून घेताना या गोष्टीकडे लोकसाहित्याची हौस म्हणून पाहू नये, कारण ज्या समाजात पेरणीचे बी आणि देवीपुढचे धान्य एकाच कणगीतून निघते, तेथे बियाणे दरसाल विकत घेणे ही केवळ खर्चाची बाब राहत नाही.

डोंगर उतरून तळोदा, शहादा, नंदुरबारच्या सपाटीवर आले की चित्र पालटते, आणि ते जनुकीय बियाण्याच्या कितीतरी आधी पालटले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला, त्यानंतर मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा असलेला लांब धाग्याचा कापूस येथे पिकावा म्हणून सरकारने अनेक खटपटी केल्या. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने अमेरिकेचा कापूस बंद झाला, भाव भडकले आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. याच दशकात कलेक्टर ॲशबर्नर यांच्या पुढाकाराने वर्ध्याकडील हिंगणघाट जातीचे बियाणे खानदेशात मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आले आणि स्थानिक, आखूड धाग्याच्या कपाशीची हकालपट्टी करण्यात आली. कापसात भेसळ करणाऱ्यांना शिक्षा करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १८६३ चा. बियाण्याच्या बाबतीत सरकारी अंमल शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचण्याची खानदेशातील ही पहिली मोठी घटना होय.

तिचा शेवट बोधप्रद आहे. विसावे शतक उजाडेपर्यंत खानदेशचा कापूस पुन्हा आखूड, भरड धाग्याचा म्हणूनच बाजारात ओळखला जाऊ लागला. जुन्या देशी जातींत धागा आखूड असला तरी रुईचा उतारा, म्हणजे शंभर भाग कापसातून सरकी काढल्यावर उरणाऱ्या रुईचे प्रमाण, जास्त होता, झाड काटक होते आणि व्यापारी भाव देताना लांब धाग्याची म्हणावी तशी कदर करीत नव्हता. मग शेतकऱ्याने आपल्या हिशेबाने जे परवडते ते पेरले. येथे शेतकरी अडाणी होता म्हणून सुधारणा बुडाली असे सरकारी कागदपत्रांच्या सुरात म्हणण्याचे कारण नाही. मात्र याच काळात आणखी एक बदल घडला, ज्याकडे कमी लक्ष गेले आहे. पूर्वी सरकी हातरेच्यावर घरीच निघत असे आणि पेरणीचे बी घरात राहत असे. वाफेच्या जिनिंगचे कारखाने निघाल्यावर कापूस सरकीसह कारखान्यात गेला, तेथे दहा गावांचा माल एकत्र झाला आणि शेतकऱ्याच्या हाती परत आली ती मिसळीची सरकी. तापी खोऱ्यातील रेल्वेने १९०० च्या सुमारास नंदुरबार सुरतेला जोडले तेव्हा हा व्यवहार पक्का झाला. म्हणजे सपाटीवरच्या कापूसवाल्याने बियाण्यावरचा ताबा गमावला तो कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीमुळे नव्हे, तर तिच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, जिनिंगच्या दारात. डोंगरातल्या मक्या-ज्वारीला कारखान्याची गरज नव्हती, म्हणून तेथे ताबा टिकला.

विसाव्या शतकात कृषी खात्याने आणि १९२१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने देशी कपाशीतच निवड करून जाती सुधारण्याचे काम केले. मर रोगाला दाद न देणारी जळगावची जरीला आणि नंतरची विरनार या जातींनी खानदेशात मोठे क्षेत्र व्यापले, तर यावलच्या केंद्रातून निघालेली वाय-१ ही देशी जात जुन्या शेतकऱ्यांच्या आजही आठवणीत आहे. या सर्व ‘सरळ’ जाती होत्या, म्हणजे त्यांचे बी राखून पुन्हा पेरले तरी तेच पीक येत असे. ही साखळी तुटली ती संकरित वाणांनी. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, पुढे नांदेडचा एनएचएच-४४ महाराष्ट्रभर गेला, आणि दोन वेगळ्या आईबापांच्या संकरातून आलेल्या या बियाण्याचे दुसऱ्या पिढीत गुण विखुरत असल्याने दर वर्षी नवी पिशवी घेणे भाग झाले. फुलातील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या झाडाचे पराग लावण्याचे हे बारीक काम ज्यांना करावे लागते, त्या मजूर बायका आणि मुले यांच्या वाट्याला या क्रांतीचे श्रेय कधीच आले नाही. संकरित वाण बहुतेक अमेरिकन कपाशीचे. देशी कपाशी रसशोषक किडींना बरीच दाद देत नसे, ही नवी कपाशी मात्र तुडतुडे, मावा आणि बोंडअळ्या यांना पटकन बळी पडू लागली आणि फवारणीचे पंप गावोगाव पोहोचले. जनुकीय कपाशीला जी मागणी आली, तिची जमीन अशी आधीच तयार झालेली होती.

जमिनीतील एक जिवाणू, बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, विशिष्ट अळ्यांना मारणारे स्फटिकरूप प्रथिन बनवतो. हा जिवाणू १९०१ मध्ये जपानात रेशीमकिड्यांच्या रोगात आढळला आणि १९११ मध्ये जर्मनीत पुन्हा सापडल्यावर तेथील थुरिन्जिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. त्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे बीटी. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या भिंतीला चिकटते, तिला छिद्रे पाडते आणि अळी खाणे थांबवून मरते. माणसाच्या जठरातील आम्लात आणि आतड्याच्या भिंतीवर या क्रियेला लागणारी परिस्थिती नसते. हे प्रथिन बनवणारे जनुक कपाशीत घालून अमेरिकेत १९९६ मध्ये बोलगार्ड या नावाने बियाणे बाजारात आले. भारतात ते आणले जालन्याच्या महिकोने, जी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केली होती आणि १९९८ मध्ये ज्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे या तंत्रज्ञानाचे मूळ अमेरिकेत असले, तरी भारतातील त्याचे प्रवेशद्वार मराठवाड्यातील एक बियाणे कंपनी होती, हे महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात नोंदवायलाच हवे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली, तेव्हा बीटी कपाशी खरे तर शेतात आधीच उभी होती. २००१ च्या हंगामात गुजरातमध्ये बोंडअळीने हैदोस घातला असताना अहमदाबादच्या एका कंपनीचा नवभारत-१५१ हा वाण हिरवागार राहिला. तपासणीत त्यात बीटी जनुक निघाले आणि केंद्राने ते पीक जाळण्याचा आदेश दिला. शेतकऱ्यांनी विरोध केला, शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि आदेश कागदावरच राहिला. या प्रसंगाने पुढील पंचवीस वर्षांचा एक नमुना घालून दिला: शासन परवानगी देण्यात रेंगाळते, बियाणे चोरवाटेने शेतात जाते आणि मग शेतकरी स्वतःच्या अनुभवावर निकाल देतो. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या नंदुरबारसाठी तर हा नमुना रोजच्या भूगोलाचा भाग आहे, कारण येथील शेतकऱ्याला नवापूर किंवा अक्कलकुव्याकडून सीमा ओलांडून पलीकडच्या बाजारातून पिशवी आणणे अवघड नाही.

सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी सुमारे १,६०० रुपयांना मिळे. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने या किमतीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि भाव निम्म्यावर आले. त्याच वर्षी दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली. पुढच्या काही वर्षांत देशातील कपाशीखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले आणि २००२-०३ मधील १३६ लाख गाठींचे उत्पादन २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. या वाढीचे सारे श्रेय एका जनुकाला देणे बरोबर नाही, कारण याच काळात गुजरातेत सिंचन वाढले, खतांचा वापर वाढला, नवी कीटकनाशके आली. पण हिरव्या बोंडअळीचा उपद्रव आणि तिच्यासाठीची फवारणी पहिल्या दशकात खूपच उतरली, हेही तितकेच खरे असून, तापीकाठच्या शेतकऱ्याने बीटी स्वीकारली ती जाहिरातीला भुलून, असे म्हणणे त्याच्या हिशेबी बुद्धीचा अपमान करणारे आहे.

खरी चूक झाली ती तंत्रज्ञान कोणत्या रूपात दिले त्यात, आणि येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे. चीन आणि अमेरिकेसारख्या देशांत बीटी जनुक प्रामुख्याने अशा वाणांत दिले गेले ज्यांचे बी स्थिर असते. भारतात मात्र ते संकरित वाणांत दिले गेले, कारण कंपनीला स्वामित्वशुल्काची हमी संकरातच मिळते. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातील सरकीत गुण विखुरतात: एक जनुक असल्यास सुमारे पाव भाग दाणे विषाविना निघतात, दोन जनुके असल्यास सोळांतील एक. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून एका सरकीतून दुसऱ्या सरकीत जाते, काही दाणे विषारी आणि काही बिनविषारी असे खाते आणि या मिश्र आहारात अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्या वाचतात व वाढतात. ही अळी जवळपास फक्त कपाशीवरच जगते. संकरित वाण सहा-आठ महिने शेतात उभे राहतात आणि खानदेशात पाण्याची सोय असलेला शेतकरी मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड करून वर पुन्हा फरदड ठेवतो, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडे पुढच्या बोंडांसाठी उभी ठेवतो, तेव्हा अळीला वर्षभर घर मिळते. प्रतिकार पसरू नये म्हणून बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या, ज्यांत वाढलेल्या बिनप्रतिकारक पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संयोग व्हावा. त्यासाठी पिशवीसोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत असे, पण तिचा उपयोग कोणी नीट समजावून सांगितला नाही आणि बहुतेक शेतकऱ्यांनी ती पेरलीच नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. गुजरातेत २००९ च्या आसपास पहिल्या जनुकाला आणि २०१४ नंतर दोन्ही जनुकांना न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळली आणि २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, आणि वरून धडधाकट पण आतून किडलेली बोंडे हे दृश्य खानदेशातही सर्वत्र होते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अमेरिकेने बीटी कपाशी, नपुंसक पतंग आणि काटेकोर हंगामबंदी यांच्या जोरावर २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन जाहीर केले. जनुक तेच, अळी तीच, फरक होता तो व्यवस्थापनात. महाराष्ट्राने त्यानंतर जूनपूर्व बियाणे विक्रीवर निर्बंध घातले, पण सीमेपलीकडचे दुकान उघडे असल्याने नंदुरबार-धुळ्यात या निर्बंधाला भोके पडत राहिली.

जनमताचा विचार करताना कपाशी आणि अन्नपीक यांत लोकांनी किती स्पष्ट भेद केला, हे पाहण्यासारखे आहे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याच मान्यता समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खानदेशात, जेथील जळगावच्या वांग्याला पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, अस्वस्थता स्वाभाविक होती. वांग्याचे मूळ घर भारतीय उपखंडात आणि त्याच्या लगतच्या प्रदेशात मानले जाते. घरोघरच्या जाती आणि रानवांगी जवळजवळ वाढत असताना परागांबरोबर नवे जनुक कोठवर जाईल, हा प्रश्न निव्वळ भीतीचा नव्हता. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बेंगळुरू या सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी अनिश्चित काळासाठी स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र तेच वांगे २०१३ मध्ये मान्य केले. एखाद्या पिकाविषयी लोकांना असे समोरासमोर विचारण्याचा हा देशातील विरळा प्रसंग होता आणि त्याचे मोल मोठे आहे. तरीही महाराष्ट्राची एकमेव सुनावणी नागपुरात झाली, राज्याच्या पूर्व टोकाला. सातपुड्याच्या पश्चिम टोकावरील बियाणे राखणाऱ्या बायकांपर्यंत तो प्रश्न पोहोचणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या बाजूला कापूस उत्पादकांचे मत उलट दिशेने तीव्र होत गेले. तणनाशक सहन करणारी बीटी कपाशी, जिला परवानगी नाही आणि जिला लोक ‘चोर बीटी’ म्हणतात, ती विदर्भ-खानदेशात पसरली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरून कायदा मोडला, ज्या कायद्यात, म्हणजे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तेव्हा तरतूद होती. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, हे या शेतकऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ही निंदणी करणारे हात कोणाचे, हा प्रश्न विचारला की काठीचा डोंगर पुन्हा चर्चेत येतो. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून निंदणी-वेचणीसाठी आणि गुजरातेत ऊसतोडीसाठी दर वर्षी माणसे खाली उतरतात. सपाटीवर ज्यांची जमीन गेली आणि जे त्याच जमिनीवर मजूर झाले, त्यांच्या हक्कासाठी आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी १९७० च्या दशकात शहाद्यात जो लढा दिला, त्याची पार्श्वभूमीही हीच आहे. तणनाशकाने मालकाचा खर्च वाचतो तेव्हा या घरांची दोन महिन्यांची मजुरी जाते, हा हिशेब परवानगीच्या कोणत्याही अर्जात मांडावा लागत नाही. शिवाय तणनाशक हे पीक सोडून बाकी सारे हिरवे मारते. कपाशीच्या ओळीतील तूर, बांधावरची चवळी आणि पावसाळ्यात ताटात येणारी रानभाजी त्याच्या दृष्टीने तणच. मिश्र पिकांच्या शेतीत ते बियाणे शिरले तर त्या शेतीची रचनाच मोडावी लागते, आणि या एका कारणासाठी तरी डोंगरी शेतकऱ्याचा त्याबाबतचा संशय हा मागासलेपणा नसून शेतीचा नीट विचार आहे.

डोंगर आणि सपाटी यांमधली रेषा पुसट करणारी एक घटना अलीकडच्या काळात घडली, ती सरदार सरोवराच्या विस्थापनाची. मणिबेलीपासून नर्मदाकाठची अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील गावे पाण्याखाली जाऊ लागली, तेव्हा १९९० च्या दशकापासून त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यात सोमावलसारख्या वसाहतींत झाले. नदीकाठच्या गाळात आणि उतारावर डझनभर धान्ये घेणारी ही माणसे सपाटीच्या मोजक्या एकरांत आली, तेव्हा रोख पैसा देणारे पीक घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही आणि बियाणे, खत, औषध उधारीवर देणारा दुकानदार हाच सल्लागार झाला. एका पिढीत कणगी गेली आणि पिशवी आली. त्यांनी हा बदल निवडला की त्यांच्यावर तो लादला गेला, हे ठरवताना जनुकाचा विचार दुय्यम ठरतो. त्यांची निवड धरणाच्या पाण्याने आधीच करून टाकली होती.

डोंगरात राहिलेल्यांतही बदल थांबलेला नाही. रेशनचा गहू-तांदूळ, संकरित मका, सोयाबीन यांनी भरड धान्यांची जागा घेतली असून काही जुन्या जाती मोजक्या घरांत उरल्या आहेत. बायफ या संस्थेने धडगाव तालुक्यात गावकऱ्यांबरोबर मका आणि ज्वारीच्या स्थानिक जाती गोळा करून, त्यांची शेतातच लागवड करून, गावाच्या पातळीवर बीजबँक उभारण्याचे जे काम केले, ते या ऱ्हासाला दिलेले सर्वांत ठोस उत्तर म्हणावे लागेल. त्याला कायद्याचा आधारही आहे: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि छाप न लावता विकण्याचा हक्क दिला आहे, त्याच्या राखलेल्या जाती त्याच्या नावाने नोंदवता येतात, आणि ज्याचे बी उगवतच नाही अशा, टर्मिनेटर म्हणून बदनाम झालेल्या तंत्राच्या वाणांची नोंदणी करण्यास कायद्याने मनाई आहे. बीटी कपाशीचे बी उगवत नाही, ही महाराष्ट्रात घट्ट रुजलेली समजूत मात्र चुकीची आहे. ते उगवते, फक्त संकर असल्याने विखुरते. विरोध करणाऱ्यांनी जनुकावर संकराचा दोष लादला आणि समर्थन करणाऱ्यांनी संकराची मक्तेदारी जनुकाच्या यशाआड झाकली, यामुळे वादाच्या दोन्ही बाजूंचे नुकसान झाले.

प्रश्न आता कपाशीपुरता राहणार नाही. जीएम, म्हणजे जनुकीय परिवर्तित, मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल परस्परविरोधी लागला, पण अशा पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखावे आणि त्यासाठी संबंधितांशी विचारविनिमय करावा, यावर दोघांचेही एकमत झाले. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगी नसली, तरी जगात जीएम मका मोठ्या क्षेत्रावर घेतला जातो आणि देशात मक्याची मागणी इथेनॉल व कोंबडीखाद्यामुळे वाढते आहे, तेव्हा धोरणाच्या टेबलावर मका येणे अटळ आहे. कपाशीत बहुतांशी स्वपरागीकरण होते. मका मात्र वाऱ्यावर परागीकरण करणारे पीक आहे. मक्याच्या मूळ भूमीत, मेक्सिकोच्या ओहाका प्रांतात, २००१ मध्ये डोंगरी शेतकऱ्यांच्या पारंपरिक मक्यात परकी जनुके आढळल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या पद्धतीवर वाद झाला, पण जनुके वाऱ्यावर जातात आणि धान्य म्हणून आलेला दाणा शेतकरी बी म्हणून पेरतो, हे दोन्ही मुद्दे कोणी नाकारले नाहीत. देशात प्रमाणित मका बियाण्याच्या प्लॉटभोवती दुसरा मका २०० मीटरपर्यंत नको, असा नियम आहे. काठीच्या पाड्यांवर घराला लागून शेत आणि शेताला लागून शेजाऱ्याचे शेत असते, तुकडे अर्ध्या-एक एकराचे असतात आणि सर्वांचा मका एकाच पावसावर एकाच आठवड्यात तुऱ्यावर येतो; तेथे २०० मीटरची जागा मोकळी सोडायची तर ती कोणी, आणि शेजाऱ्याचे पराग आल्याने आढ्याला टांगलेले बी बदलले तर भरपाई कोणाकडे मागायची, याचे उत्तर धोरण ठरण्याच्या आधी सातपुड्यातल्या ग्रामसभांपुढे ठेवले गेले पाहिजे.